पॉलिश केलेले बुडखे

माझ्या थोरल्या साडूंना मी ओळखत होतो असं म्हणणं धाडसाचं होईल. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, आम्ही दोघं एकाच वखारीत नोकरीला, आणि दोन घरांमध्ये अंतर एवढंच की त्यांच्याकडे भांडं पडलं की आमच्याकडे दचकायला व्हायचं. तरी हा माणूस आतून कसा होता ते मला आजही सांगता येणार नाही. बाहेरून कसा होता ते सांगता येईल. बाहेरून ते मला अजिबात आवडायचे नाहीत.

हे लिहायला मला त्यांच्या मुलीनं, म्हणजे माझ्या भाचीनं सांगितलं. "काका, बाबांवर काहीतरी लिहा." मी म्हटलं, "अगं, मला कुठे लिहिता येतं? आणि लिहिलं तरी चांगलं निघणार नाही." ती म्हणाली, "चांगलं नकोच. चांगलं चांगलं सगळं बाबा स्वतःच बोलून गेलेत." तेव्हा हे तिच्या परवानगीनं आहे.

एक अडचण सुरुवातीलाच आली. साडूंना मी जन्मभर तोंडावर अहो-जाहो केलं आणि मनात अरे-तुरे. कागदावर काय करायचं ते कळेना. शेवटी अहो-जाहोच ठेवतो. वयानं ते मोठे होते, तेवढं तरी त्यांना द्यायला हवं.

आमची वखार म्हणजे गावाच्या कडेची एक टेकडी, तिच्या पायथ्याला पत्र्याची मोठी शेड आणि शेडमध्ये भट्टी. टेकडीवरची झाडं इथलीच, कुणी न लावता उगवलेली, चिवट. ती आम्ही मारत नाही, छाटतो. टेकडीचे आठ पट्टे पाडले आहेत. पानं गळाली, थंडी बसली की त्या वर्षी एकच पट्टा कापायचा. झाड अगदी जमिनीलगत कापायचं आणि छाट तिरपा ठेवायचा, म्हणजे बुडख्यावर पाणी साचत नाही, ओघळून जातं. मग ऊन चढलं की बुडख्याच्या कडेनं धुमारे फुटतात. एका खोडाच्या जागी सात-आठ काठ्या उभ्या राहतात, आणि आठ वर्षांनी त्या पट्ट्याची पाळी फिरून येते तोवर त्या काठ्यांची चांगली जाड लाकडं झालेली असतात. मुळं तीच. सासऱ्यांच्या वडिलांनी पहिल्यांदा कापलेल्या बुडख्यांवरचं लाकूड मी भट्टीत घातलं आहे.

भट्टीत लाकूड जाळायचं नसतं, भाजायचं असतं. हवा कोंडून. त्यातून जो वायू निघतो तो पेटतो, त्यावर बॉयलर तापतो, आणि ते गरम पाणी नळानं धुलाईच्या कारखान्याला, दवाखान्याला आणि खालच्या आळीतल्या घरांना जातं. मागे उरतो कोळसा. तो शेणपाण्यात मुरवून शेतकरी जमिनीत घालतात. हल्ली त्याला बायोचार म्हणतात, आम्ही काळं खत म्हणायचो. भट्टी सांभाळणं माझं काम होतं. झाडं सांभाळणं साडूंचं.

'सांभाळणं' हा शब्द सवयीनं आला.

सासरे टेकडीचे मुकादम होते. मुकादमाला टेकडीवरचं घर मिळायचं. दोन खोल्या, मागे पडवी, पुढे अंगण. दोघी बहिणी त्याच घरात जन्मल्या. पण घर वखार चालवणाऱ्या संस्थेचं, त्यांचं नाही. ज्याच्याकडे टेकडी त्याच्याकडे घर, असा नियम होता. हे लक्षात ठेवायला हवं. पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत सासऱ्यांनी आम्हा दोन्ही जावयांना टेकडीवर नेलं आणि हातात एकेक कुऱ्हाड दिली. माझी जेमतेम चालली. साडूंनी अंगातला कोट काढला, घडी घालून फांदीवर ठेवला, तळहातांना थुंकी लावली, दोन पावलं मागे गेले आणि असा घाव घातला की कुऱ्हाड हातातून निसटून थेट झुडपात जाऊन पडली. तोडणारी माणसं हसली. सासरे हसले. साडू सगळ्यांत मोठ्यानं हसले. "हत्याराला वजनच नाही!" म्हणाले, आणि कोट घातला. त्यानंतर त्यांनी कुऱ्हाडीला हात लावलेला मी पाहिला नाही, आणि कोट काढलेलाही.

कोट फिक्या बिस्किटी रंगाचा होता. कोळशाच्या वखारीत! मी भट्टीवरून घरी यायचो तेव्हा माझे फक्त दात ओळखू यायचे. साडू दिवसभर तिथेच असायचे, आणि संध्याकाळी कुणाच्या लग्नाला निघाल्यासारखे दिसायचे. कोण किती काम करत होतं ते वेगळं सांगायला नको. माणसं त्यांच्यामागे त्यांना 'कोट' म्हणायची.

"कोट आला का रे?"

"आला की. सावलीत टांगलाय."

सासरे गेल्यावर टेकडी त्यांच्याकडे कशी गेली याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. आता वाटत नाही. संस्थेच्या कमिटीपुढे कुणीतरी बोलायला लागतं. मला विचारलं असतं तर मी भिंतीकडे बघत राहिलो असतो. साडूंना विचारलं, आणि ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोलले. ताई, म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेहुणी, लग्नानंतरही आईवडिलांजवळच राहिलेली, त्यामुळे सामान हलवायचाही प्रश्न नव्हता. घरजावई म्हटलेलं मात्र साडूंना खपत नसे. धुलाईवाल्यानं एकदा चेष्टेत म्हटलं, तर ते ताठ होऊन म्हणाले, "मी निवासी अधिकारी आहे."

ताईंचा आतून आवाज आला, "निवासी अधिकारी, दूध उतू चाललंय, तेवढं बघा."

मला ते 'धाकटे' म्हणायचे. "काय धाकटे, भट्टी काय म्हणते?" असं विचारायचे आणि भट्टी काय म्हणते ते ऐकायला न थांबता पुढे जायचे. माझे केस पिकले, दाढा पडल्या, तरी मी धाकटेच.

कुठल्याशा व्याख्यानात त्यांना 'शाश्वत' हा शब्द सापडला, आणि मग आमची धडगत राहिली नाही. टेकडी शाश्वत, भट्टी शाश्वत, काळं खत शाश्वत. "घ्या, आमचा शाश्वत चहा घ्या," असं ते एका पाहुण्याला म्हणाले, ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. पाहुणे यायला लागले होते. लाकूड कापायचं आणि तरी झाडी राहायची, कोळसा जमिनीत पुरायचा, गावाचं पाणी गावातच तापवायचं, याचं लांबलांबच्या लोकांना आता कौतुक वाटू लागलं होतं. गाड्या भरून यायचे. पाहुण्यांना टेकडी बघायची असायची, साडूंना पाहुणे बघायचे असायचे. काळं खत मुरवायच्या हौदापाशी नेऊन ते पाहुण्यांना म्हणायचे, "घ्या, वास घ्या! लाजू नका!" आणि स्वतः वारा येईल त्या बाजूला उभे राहायचे.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण राहवत नाही. खालच्या आळीला गरम पाण्याचा नळ मिळाला तो साडूंच्या बोलण्यामुळे. कमिटी तयार नव्हती. साडू बोलत राहिले, बोलत राहिले, शेवटी कमिटी कंटाळली आणि हो म्हणाली. माझं घर त्या आळीतलं टेकडीला लागलेलं शेवटचं, माझा नळ त्यातलाच. तेवढं त्यांच्या बाजूनं.

एका वर्षी कळलं, थंडीच्या अखेरीला पाहुण्यांचा मोठा गट येणार आणि कमिटीचे सेक्रेटरी स्वतः बरोबर असणार. कापायला चौथ्या पट्ट्याची पाळी होती. साडू पट्ट्यावर उभे राहिले आणि त्यांना विचार सुचला. त्यांना विचार सुचला की ते छत्रीचं टोक जमिनीवर आपटायचे.

"हे सगळे लोक बसणार कुठे?"

तोडणाऱ्यांतला सगळ्यांत जुना माणूस कानानं थोडा कमी होता. तो म्हणाला, "कुठे?"

"तेच विचारतोय मी. झाडं गुडघ्याएवढी उंच ठेवून कापा. वरून सपाट. एकदम सपाट. नैसर्गिक आसनव्यवस्था!"

"सपाट नको साहेब. वर पाणी बसेल."

"पाणी नाही रे, पाहुणे बसतील!"

"आणि एवढं उंच ठेवलं तर धुमारे वरच फुटतात. वाऱ्यानं मोडतात मग."

"मग काय, पाहुण्यांना मातीत बसवू? एवढ्या मोठ्या माणसांना?"

जुना तोडणारा माझ्याकडे बघायला लागला. मी भट्टीला किती लाकूड मिळेल याचा अंदाज घ्यायला वर गेलो होतो. मी सासऱ्यांची आठवण दिली, "बाबा तिरपं कापायचे, साडूबुवा." साडूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, लगेच काढून घेतला, आणि बाहीला काळं लागलंय का ते पाहिलं.

"धाकटे, बाबांच्या काळी पाहुणे यायचे का?"

नव्हते येत. या माणसाशी बोलताना शेवटचं वाक्य नेहमी त्यांचंच असायचं, ते खरंही असायचं, आणि मुद्द्याशी त्याचा काही संबंध नसायचा.

तर चौथा पट्टा सपाट कापला गेला. पण एवढ्यावर थांबतील तर ते साडू कसले. ताज्या कापलेल्या लाकडाला कुसं असतात, ती कपड्यांत अडकतात. म्हणून त्यांनी सुताराकडून पॉलिशपेपर आणला आणि माणसं लावून बुडखे घासून घेतले. घासल्यावर ते इतके गुळगुळीत झाले की त्यांना मोह आवरेना. व्हार्निशचे डबे आले. टेकडीच्या उतारावर ओळीनं चकाकणारे बुडखे, जणू एखाद्या हॉटेलनं फरशी धुवायला म्हणून स्टुलं बाहेर काढून ठेवलीत. जिवंत झाडाला व्हार्निश लावणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि आता या वयात दुसरा बघायला मिळेल असं वाटत नाही.

पाहुणे आले. बसले. डबे उघडले. एक बाई म्हणाल्या, "अगंबाई, किती आरामशीर!" साडूंनी जे बोलायला सुरुवात केली ते डबे संपले, हात धुऊन झाले, तरी चालूच. "आज जिथे आपण बसलात तिथे आठ वर्षांनी जंगल उभं असेल," असं काहीतरी शेवटी म्हणाले आणि टाळ्या पडल्या. सेक्रेटरींनीही वाजवल्या. सेक्रेटरी म्हणजे बारीक, कोरडा माणूस, प्रत्येक वाक्याआधी खोकायचा. त्या दिवशी एकदाही खोकले नाहीत.

मग ऊन चढलं. शेजारच्या, आदल्या वर्षी कापलेल्या पट्ट्यात धुमारे कमरेपर्यंत आले. चौथा पट्टा नुसता चकाकत होता. एखाद्या बुडख्याला अगदी वरच्या काठावर एखादा फुटवा यायचा, वाऱ्यानं लोंबायचा आणि गळून पडायचा. मध्ये चार सरी पडून गेल्या, तेव्हा प्रत्येक बुडख्यावर बशीभर पाणी साचलं. ते व्हार्निशच्या कडांतून आत शिरलं आणि लाकूड काळं पडायला लागलं. बुडख्यांवर बेडूक येऊन बसले.

"साहेब, दुसरा गट आला हो," तोडणारी माणसं साडूंना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची.

सेक्रेटरी पाहायला आले. खोकले.

"मुकादम, धुमारे कुठे आहेत?"

मुकादम म्हटलेलंही साडूंना एरवी खपत नसे. त्या दिवशी खपलं. "येतील ना साहेब. शाश्वत गोष्टींना जरा वेळ लागतो."

सेक्रेटरी पुन्हा खोकले, आणि मग जे म्हणाले त्यात समजायला अवघड काही नव्हतं. हा पट्टा मेला तर पुढे आठ वर्षांनी एक अख्खं वर्ष भट्टीला लाकूड नाही. धुलाई बंद, दवाखान्यात थंड पाणी. महिनाअखेरीला कमिटी पाहणीला येणार. पट्टा जिवंत दिसला नाही तर टेकडी दुसऱ्या माणसाकडे जाईल, आणि घरही त्याला द्यावं लागेल.

ताई दारात उभ्या होत्या. त्या घराच्या दगडी उंबऱ्याला त्यांच्या वडिलांनी कुऱ्हाडीला धार लावून लावून खळगा पाडला होता. आई त्याच घरात गेली, वडील त्याच घरात गेले.

रात्रीच्या जेवणाला माझी बायको म्हणाली, "ताईचं घर गेलं तर ती कुठे जाईल? आपल्याकडेच ना?"

मी म्हटलं, "ताई आल्या तर येऊ देत."

"आणि भाऊजी?"

मी जेवत राहिलो.

पाहणीच्या आदल्या दिवशी सकाळी मी भट्टी पेटवायला काटक्या गोळा करत टेकडीवर गेलो. साडू एका बुडख्यापाशी उकिडवे बसले होते. त्यांना उकिडवं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. हातात सुताराचं गिरमिट होतं. बुडख्यांच्या कडेला भोकं पाडून ते त्यांत हिरव्या डहाळ्या खोचत होते. दोन ओळी झाल्या होत्या. डहाळ्या कुठून आल्या म्हणून पाहिलं, तर शेजारच्या पट्ट्यातले कमरेएवढे धुमारे मोडलेले. मेलेला पट्टा सजवायला जिवंत पट्टा ओरबाडला होता.

"साडूबुवा, हे काय चाललंय?"

"कलम," ते म्हणाले. "तुम्हाला नाही कळायचं, धाकटे."

कलमातलं मला खरोखरच फार कळत नाही, म्हणून मी काटक्या वेचायला वाकलो. पण माझ्या मागे ताई येऊन उभ्या होत्या. त्या साडूंचा चहा घेऊन वर आल्या होत्या.

"कलम?" त्या म्हणाल्या. "अहो, बुजगावण्याच्या टोपीत पीस खोचल्यासारखं दिसतंय ते!"

"अगं, उद्यापुरतं आहे. उद्याची पाहणी निभावली की—"

"उद्या ते हात लावून बघणार नाहीत?"

"मी बोलण्यात गुंतवीन ना त्यांना."

"आणि परवा? परवा कुणाला गुंतवणार? झाडाला?"

साडूंनी हातातली डहाळी पुढच्या भोकात खोचली. ती आडवी पडली.

ताईंनी चहाचा कप माझ्या हातात कोंबला, खाली गेल्या, आणि परत आल्या त्या वडिलांची करवत घेऊन. "माझ्या बापाच्या टेकडीला पॉलिश!" एवढंच म्हणाल्या आणि पहिला बुडखा जमिनीलगत, तिरपा कापायला घेतला. मान वर न करता ओरडल्या, "आणि तुम्ही काय दुसऱ्याचा चहा पिताय? धरा की दुसरीकडून!"

मी कप ठेवला आणि धरलं. माझी बायको आली. तोडणारी माणसं न बोलावता आली. कापायचा हंगाम कधीच उलटून गेला होता, मुळांतून रस वर चढला होता, करवत लागली की बुडखे पाझरत होते. आता फुटतील की नाही ते कुणालाच सांगता येत नव्हतं. जुना तोडणारा म्हणाला, "फुटले तर नशीब, ताई."

"नाही फुटले तर निदान झाडासारखे मरतील," ताई म्हणाल्या. "स्टुलासारखे नाही."

साडू छत्री घेऊन बाजूला उभे होते. कुणी त्यांना काही म्हणत नव्हतं, हे लिहिताना सुद्धा मला जरा जड जातं. पण कुणी म्हणावं असं त्यांनी काही शिल्लकही ठेवलं नव्हतं.

दिवस कलला तेव्हा पट्टा जमिनीलगत कापून झाला होता. एकच बुडखा राहिला, घराच्या अंगणालगतचा, सगळ्यांत रुंद. ताई करवत घेऊन तिकडे वळल्या, तर त्याच्यावर साडू बसलेले. कोटाची सगळी बटणं लावलेली.

"उठा."

"नाही उठत."

"अहो उठा, अंधार पडेल आता."

"पडू दे."

"कापते हं मी. बसल्या जागी कापते."

"काप."

आधी मला हसू आलं होतं. ते कुठे गेलं कळलं नाही. साडू ताईंकडे बघत नव्हते, पट्ट्याकडेही नाही. पलीकडे झुडपं होती, एकदा त्यांची कुऱ्हाड जाऊन पडली होती तसलीच, त्यांच्याकडे बघत होते. ताईंनी करवतीचे दात अंगठ्यानं चाचपले. मग म्हणाल्या, "बसा मेलं. जन्मभर बसा." करवत माझ्या बायकोच्या हातात दिली आणि घरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी कमिटी आली. साडूंनी घसा साफ केला. "हा आपल्या शाश्वत योजनेचा दुसरा टप्पा—"

"थांबा हो," ताई म्हणाल्या, आणि कमिटीकडे वळल्या. "ह्यांनी झाडांची स्टुलं केली होती. ती कुजायला लागली. काल आम्ही खाली कापून काढली. फुटतील की नाही मला माहीत नाही. घर घ्यायचं तर घ्या, पण पानगळीपर्यंत थांबा. आत्ता नवा माणूस आणलात तर तोही येऊन काहीतरी सुधारणा करेल."

सेक्रेटरी खोकले. आपण स्वतः त्या स्टुलावर बसून डबा खाल्ला होता, हे त्यांना आठवलं असावं. "पानगळीपर्यंत," ते म्हणाले.

कापलेले स्टुलांचे तुकडे माझ्या भट्टीत आले. दोन दिवस अशी घाण सुटली की धुलाईवाला नाक धरून विचारायला आला, काय मेलंय म्हणून. मी म्हटलं, "आसनव्यवस्था."

पुढचे दिवस ताईंनी कसे काढले ते मी शेजारून ऐकलं. त्यांनी फळीवरची सगळी भांडी खोक्यांत भरून ठेवली होती. लागेल ते भांडं काढायच्या, घासायच्या आणि परत खोक्यात घालायच्या. रोज सकाळी पट्ट्यावर जाऊन वाकून वाकून बघून यायच्या. साडू अंगणालगतच्या त्यांच्या बुडख्यावर बसून असायचे. "आले का गं?" विचारायचे. ताई पदर खोचून आत जायच्या.

एका सकाळी मी कामावर निघत होतो, तेव्हा त्यांच्या घरातून भांड्यांचा आवाज यायला लागला. एक भांडं, मग दुसरं, मग एकामागून एक. पडल्याचा नव्हता. फळीवर ठेवल्याचा होता. माझी बायको चप्पल न घालता तशीच धावत गेली. मी टेकडीवर गेलो. बुडख्यांच्या बुडाशी, अगदी मातीला चिकटून, लाल टोकं आली होती. सगळ्यांना नाही. बरेच कायमचे गेले, त्या जागी शेजारच्या काठ्या वाकवून, मुळं धरावीत म्हणून, मातीत पुराव्या लागल्या. पण पट्टा जिवंत होता, नाही म्हणायला कुणाला जागा नव्हती.

कमिटीनं टेकडी ताईंच्या हाती दिली. घर राहिलं. साडू आता तरी तोंड लपवतील असं मला वाटलं होतं. ते आठवड्याच्या आत सांगत सुटले, "शेवटी आमच्याच घरात राहिली ना टेकडी? मी आता सल्लागार आहे." त्यानंतर आलेल्या प्रत्येक गटाला त्यांनी त्या उरलेल्या बुडख्यावर बसून चौथ्या पट्ट्याची कहाणी ऐकवली. त्या कहाणीत चूक तोडणाऱ्यांची असायची आणि ती वेळीच ओळखणारे ते स्वतः. "चूक ओळखणं, यालाच नेतृत्व म्हणतात." ताई दहा पावलांवर धुमारे विरळ करत असायच्या. त्यांना सगळं ऐकू जायचं. एकदा मी न राहवून विचारलं, "ताई, तुम्ही काही म्हणत नाही?" त्या म्हणाल्या, "बसलेत तिथे बसू द्या. उठले तर काहीतरी करतील."

बुडख्याला ते दर वर्षी व्हार्निश लावायचे. वरून चकाकायचा, आतून भुसा झाला होता. कडेला अळंब्या उगवायच्या. पुढे पुढे तो एका बाजूला कलला, मग ते छत्री जमिनीत रोवून तोल सांभाळत बसायचे. ताईंनी त्याला कधी करवत लावली नाही. अजून आहे तो तिथे, कोणी बसत नाही.

साडू गेल्या थंडीत गेले. चौथ्या पट्ट्याची पाळी फिरून आली होती, कापणी नुकतीच संपली होती. भट्टी आता दुसऱ्याकडे आहे, पण सवय जात नाही म्हणून मी काटक्या नेऊन देतो, चार घटका शेकत बसतो. ते जायच्या आदल्या दिवशी काटक्यांचा भारा घेऊन त्यांच्या अंगणावरून उतरत होतो, ते बुडख्यावर बसलेले.

"काय धाकटे, भट्टी काय म्हणते?"

मी नेहमीसारखा मान हलवून पुढे निघालो. मागून आवाज आला, "अहो, विचारलं मी काहीतरी."

मी थांबलो. "ठीक आहे," म्हटलं. "लाकूड जरा ओलं आहे."

"कुठल्या पट्ट्याचं?"

"चौथ्या."

"असं का. जळतंय ना पण?"

"जाळत नाही साडूबुवा, भाजतात."

"तेच ते," ते म्हणाले.